तुमच्यापैकी कितीजण?

१० मार्च २०११, गुरुवार. तारीख पक्की लक्षात आहे कारण दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर सगळ्या चॅनलवर जपानची त्सुनामी, आणि आदल्या दिवशी ज्या विषयावरून अख्ख्या अमेरिकेत रण माजलेलं तो एका रात्रीत टीव्हीवरून गायब. पण गुरुवारी दुपारी तो होता. आमच्या न्यू जर्सीच्या ऑफिसात लंचरूमच्या कोपऱ्यात एक टीव्ही टांगलेला असायचा, कायम म्यूट, खाली अक्षरं सरकतायत. आम्ही पाचजण एका टेबलवर डबे उघडून बसायचो. दोन मराठी, एक गुजराती, एक तेलुगू आणि आमचा चिपळूणवाला. चिपळूणवाला कोकणी मुसलमान, म्हणजे मला धरून मराठी तीनच म्हणायला हवेत खरं तर, पण बघा, मोजताना मी त्याला वेगळाच मोजला. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं, तसंच राहू दे.

टीव्हीवर वॉशिंग्टनहून हिअरिंग, म्हणजे संसदेच्या समितीपुढची सुनावणी, चालू होतं. हाउसच्या, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, होमलँड सिक्युरिटी (अंतर्गत सुरक्षा) कमिटीचे नवे चेअरमन पीटर किंग, लाँग आयलंडचे रिपब्लिकन. नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीत रिपब्लिकनांचं बहुमत आलं, जानेवारीत हे चेअरमन झाले आणि लगेच त्यांनी विषय घेतला: अमेरिकन मुस्लिम समाजात रॅडिकलायझेशन, म्हणजे कट्टर होत जाणं, किती आहे आणि त्यावर त्या समाजाची प्रतिक्रिया काय. म्हणजे विषयाच्या नावातच दोन गोष्टी धरलेल्या, एक म्हणजे हे ‘समाजात’ आहे आणि दुसरं म्हणजे ‘समाजाने’ उत्तर द्यायचंय. आधीच्या रविवारी टाइम्स स्क्वेअरला पावसात निषेधाची सभा झालेली, लोक ‘आज मीपण मुसलमान’ असे फलक घेऊन उभे. कोणी १९५० च्या दशकात घरोघरी कम्युनिस्ट शोधणाऱ्या सेनेटर मॅकार्थीची आठवण काढत होतं, कोणी १९४२ मध्ये जपानी-अमेरिकनांना डांबलेल्या छावण्यांची. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते, प्रश्न विचारला तरी तुम्ही ओरडता, मग विचारायचं कोणाला?

आणि मी त्या टेबलवर, भाजीत पोळी बुडवत, अगदी सहज, मैत्रीतल्या मोकळेपणाने, म्हणजे मला तेव्हा तो मोकळेपणाच वाटला, चिपळूणवाल्याला विचारलं, "खरं सांग हां, तुमच्यापैकी कितीजणांना मनातून असं काही वाटत असेल?"

तो दोन मिनिटं डब्याचं झाकण लावत बसला. ते झाकण कधीच नीट लागायचं नाही. मग म्हणाला, "मी काय मोजणी खात्यात आहे का?"

सगळे हसले. मीपण हसले. तो विषय तिथे संपला असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

त्या रात्री घरी येऊन मी हिअरिंग बऱ्यापैकी सगळं बघितलं, चार तासांच्या वर आहे ते. आणि सांगते, ते जेवढं नाटक म्हणून गाजलं तेवढं निव्वळ नाटक नव्हतं. त्यात दोन माणसं अशी होती की त्यांना ऐकून पोटात खड्डा पडतो. एक मेम्फिसचे मेल्विन ब्लेडसो. साधा कृष्णवर्णीय बाप, टूर कंपनी चालवणारा. मुलगा कार्लोस कॉलेजला नॅशव्हिलला गेला, तिथे मुसलमान झाला, नाव बदललं. बापाने काय सांगितलं तर, सुट्टीत पोरगा घरी आला तेव्हा खोलीत लहानपणापासून असलेला मार्टिन ल्यूथर किंग यांचा फोटो त्याने भिंतीवरून काढून टाकला. आणि त्याचा कुत्रा, स्वतः पाळलेला, तो त्याने रानात नेऊन सोडून दिला, कारण कोणीतरी सांगितलेलं कुत्रा चालत नाही. मग येमेन, मग तिथे अटक, परत अमेरिका, आणि १ जून २००९ ला लिटल रॉकमध्ये सैन्यभरती केंद्राबाहेर गोळीबार, एक सैनिक ठार, एक जखमी. बाप म्हणत होता की माझ्या पोराची शिकार झाली, आणि सगळे डोळ्यावर कातडं ओढून बसलेत.

तो रानात सोडलेला कुत्रा माझ्या डोक्यातून जात नाही. मराठीत आपण ‘माथी भडकावली’ म्हणतो ना, त्यात एक आवाज असतो, भाषण, गर्दी. इथे काहीच आवाज नव्हता. भिंतीवरचा एक फोटो कमी झाला आणि एक कुत्रा दिसेनासा झाला.

दुसरे मिनियापोलिसचे सोमाली गृहस्थ, अब्दिरिझाक बिही. त्यांचा सतरा वर्षांचा भाचा नोव्हेंबर २००८ मध्ये घरातून गेला तो थेट सोमालियात, अल-शबाब या अतिरेकी संघटनेकडे. पुढच्या वर्षी तिथेच मेला. तसे वीसेक पोरगे गेले होते त्या शहरातून. बिहींची तक्रार सरकारवर नव्हती, आपल्याच मशिदीच्या पुढाऱ्यांवर होती. पोलिसांकडे, एफबीआयकडे जाऊ नका, समाजाचं नाव खराब होईल, असं घरच्यांना सांगितलं गेलं, म्हणाले. हे कोणाला ओळखीचं वाटणार नाही? कुठल्याही ज्ञातीत, मंडळात, आळीत हेच चालतं, घरातली भांडी घरात. मशीदवाल्यांनी हे नाकारलं अर्थात. पण ज्याचं पोरगं गेलं तो माणूस खोटं का बोलेल.

म्हणजे किंग यांचा प्रश्न हवेतून आलेला नव्हता हे मान्य करायला हवं. मे २०१० मध्ये टाइम्स स्क्वेअरला गाडीत बॉम्ब ठेवणारा फैझल शहझाद एमबीए झालेला, कनेक्टिकटमध्ये राहणारा, वर्षभरापूर्वीच अमेरिकन नागरिक झालेला. (त्या गाडीतून धूर येतोय हे पहिल्यांदा लक्षात आलेल्या फेरीवाल्यांमध्ये एक सेनेगलचा मुसलमान होता, ही गोष्ट मात्र सांगायला फारसं कोणी जात नाही.) हे सगळं इथलं, घरचं. त्याबद्दल विचारायचंच नाही असं म्हणणाऱ्यांशी माझं तेव्हाही जमलं नाही, आत्ताही जमत नाही.

पण मग कसं विचारायचं? याचं उत्तर खरं म्हणजे त्याच वर्षी, एक महिना आधी येऊन गेलेलं आणि कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. ३ फेब्रुवारी २०११ ला सिनेटच्या कमिटीचा, लीबरमन आणि कॉलिन्स या दोन सेनेटरांचा, फोर्ट हूडवरचा रिपोर्ट आला. ५ नोव्हेंबर २००९ ला टेक्सासच्या लष्करी तळावर मेजर निदाल हसनने तेरा जणांना मारलं, सैन्यातलाच सायकियाट्रिस्ट. या रिपोर्टमध्ये काय आहे तर त्या एका माणसाची फाइल. त्याच्या वरिष्ठांनी काय बघितलं, त्याच्याबरोबरच्या दोघांनी त्याला टिकिंग टाइम बॉम्ब म्हटलं होतं तरी त्याचे वार्षिक शेरे गुळगुळीत आणि चांगले कसे गेले, येमेनमधल्या अन्वर अवलाकी या अल-कायदाच्या प्रचारकाला तो ईमेल पाठवतोय हे एफबीआयच्या सॅन डिएगो ऑफिसला दिसलं, त्यांनी वॉशिंग्टनला कळवलं आणि वॉशिंग्टनने वरवर बघून विषय कसा मिटवला. कोणाच्या टेबलवर कागद अडला, हा प्रश्न. तोही इस्लामी कट्टरतेबद्दलच आहे, गुळमुळीत अजिबात नाही, उलट लीबरमन यांचं म्हणणंच होतं की नाव घ्यायला घाबरू नका. पण तिथे तीस लाखांच्या आसपासच्या एका समाजाला उभं करून ‘तुमची प्रतिक्रिया काय’ असं विचारलेलं नाही. चुकलेल्या ऑफिसरांना विचारलंय. त्यावर कोण टीव्ही लावणार? रडारड नाही, घोषणा नाहीत. कागद, तारखा, कोणी कोणाला फोन केला नाही.

आता रडण्याचं. त्या गुरुवारी दिवसभर जी क्लिप सारखी फिरत होती ती कीथ एलिसन यांची, मिनेसोटाचे, काँग्रेसमध्ये निवडून आलेले पहिले मुसलमान. ते मोहम्मद सलमान हमदानीची गोष्ट सांगताना रडले. हमदानी २३ वर्षांचा, क्वीन्समध्ये वाढलेला, न्यूयॉर्क पोलिसांचा कॅडेट, अँब्युलन्सचं ट्रेनिंग घेतलेला. २००१ च्या ११ सप्टेंबरला सकाळी कामावर जायला निघाला आणि घरी आलाच नाही. धूर बघून तिकडे वळला. पण प्रेत मिळेना, नाव मोहम्मद, जन्म कराचीचा, मग चौकशा सुरू झाल्या, ऑक्टोबरमध्ये एका पेपरने मथळा दिला की हा बेपत्ता आहे की लपलाय. पुढच्या वर्षी त्याचे अवशेष ढिगाऱ्यात सापडल्याचं कळलं आणि पोलिसांच्या इतमामात दफन झालं.

यावर लगेच दुसऱ्या बाजूने मुद्दा आला, की एलिसन अर्धंच सांगतायत, कारण ऑक्टोबर २००१ च्याच पेट्रियट अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे हल्ल्यानंतर केलेल्या दहशतवादविरोधी कायद्यात, कायद्याच्या मजकुरात, हमदानीचं नाव शूर माणूस म्हणून नोंदवलेलं आहे. आणि ते खरं आहे! मी शोधून वाचलं. एकाच महिन्यात संसद त्याला कायद्यात हिरो म्हणतेय आणि पेपर विचारतोय की लपलाय का. लोक यावर भांडले की यातलं खरं कुठलं. अरे दोन्ही खरं. हेच तर आहे. एका हाताने शाल-श्रीफळ, दुसऱ्या हाताने खिसे तपासणं, आणि दोन्ही हात एकाच माणसाचे.

किंग यांच्याबद्दल पण थोडं सांगायला हवं, कारण त्यांना नुसतं खलनायक करून चालत नाही. ११ सप्टेंबरच्या आधी ते लाँग आयलंडच्या मुसलमानांचे चांगले मित्र होते, मशिदीत जाणं-येणं, बोस्नियाच्या युद्धाच्या वेळी मुसलमानांच्या बाजूने बोलणारे. नंतर तिथल्या काही जणांनी हल्ल्याबद्दल भलतीसलती विधानं केली आणि त्यांचं मन उडालं. दुखावलेला मित्र जास्त कडवा होतो, हे आपण घरोघरी बघतो. पण याच किंग यांनी १९८० च्या दशकात आयआरएला, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या आयरिश सशस्त्र संघटनेला, उघड पाठिंबा दिलेला. लंडनमध्ये बॉम्ब फुटत होते त्या काळात. न्यूयॉर्कच्या आयरिश बारमध्ये डबे फिरायचे, पैसे जमायचे. तेव्हा कोणी अमेरिकेतल्या आयरिश कॅथलिक समाजाला बोलावून विचारलं नाही की तुमच्यापैकी कितीजण, आणि पाद्री काय करतायत. किंग यांचं उत्तर असं की आयआरएने अमेरिकेवर कधी हल्ला केला नाही. उत्तर म्हणून ते चुकीचं नाही. फक्त ज्याच्या शहरात बॉम्ब फुटला त्याला ते कसं लागेल बघा.

त्या दिवशी साक्षीला लॉस एंजेलिसचे शेरीफ ली बाकापण होते, डेमोक्रॅट्सनी बोलावलेले एकटे. ते म्हणाले मुसलमान आम्हाला सहकार्य करतात, आणि एखादी संघटना गुन्हेगार असेल तर खटला भरा ना, कोर्टात आणा. मला फार आवडलं होतं ते. पुढे २०१७ मध्ये हेच शेरीफसाहेब आपल्या तुरुंगांच्या चौकशीत अडथळा आणला म्हणून दोषी ठरले आणि तीन वर्षांची शिक्षा झाली. असो. माणसाचं वागणं आणि वाक्य वेगवेगळं तपासावं लागतं.

आणि उलट बाजूने बघा. एप्रिल २००९ मध्ये होमलँड सिक्युरिटी खात्यानेच उजव्या अतिरेकी गटांवर एक रिपोर्ट काढलेला, त्यात परत आलेल्या सैनिकांना असे गट ओढतील असा इशारा होता. केवढा गदारोळ झाला! आमच्या सैनिकांवर संशय घेता? खात्याच्या मंत्र्यांना माफी मागावी लागली, रिपोर्ट गुंडाळला गेला. त्या लोकांना राग आला तो मला समजतो. घाऊक संशय कोणालाच आवडत नाही, मग तो सैनिक असो की आमचा चिपळूणवाला. फक्त एकाच्या रागावर माफी मिळते, दुसऱ्याच्या रागावर लोक म्हणतात बघा, काहीतरी लपवतायत.

मी मघाशी म्हटलं की विषय संपला असं वाटलं. संपला नाही कारण त्याच ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेसने बातम्यांची मालिका सुरू केली, न्यूयॉर्क पोलीस मुसलमानांवर कशी पाळत ठेवतायत याची. त्यांचा एक डेमोग्राफिक्स युनिट नावाचा विभाग होता. कोणावर गुन्हा नाही, आरोप नाही, पण मशिदी, हलाल दुकानं, कॅफे, कुठे कोण बसतं, काय बोलतं, सगळं टिपून ठेवायचं. एका कॉलेजची मुलं नदीत राफ्टिंगला गेली तर पोलिसांचा माणूस विद्यार्थी बनून बरोबर, आणि परत येऊन नोंद काय, तर मुलांनी दिवसातून किमान चार वेळा नमाज पढला. २००७ मध्ये त्यांनी एक रिपोर्टही काढलेला, माणूस कट्टर कसा होतो त्याच्या पायऱ्या सांगणारा, त्यात खुणा म्हणून काय होतं? सिगरेट सोडली, दारू सोडली, जुगार सोडला, दाढी वाढवली. आमच्याकडे पंढरीची माळ घातली की माणूस यातलं निम्मं करतो!

आणि हे आमच्या अगदी दाराशी होतं. न्यू ब्रन्सविक, रटगर्सच्या जवळ, आम्ही तिथून पंधरा मिनिटांवर राहायचो. जून २००९ मध्ये तिथल्या एका बिल्डिंगचा सुपर, म्हणजे देखभाल करणारा, एक अपार्टमेंट बघायला आत गेला आणि हादरला. फर्निचर नाही धड. कॉम्प्युटर, रेडिओ, भिंतीवर इमारतींचे फोटो, अतिरेक्यांबद्दलचे कागद. त्याने घाबरून ९११ या इमर्जन्सी नंबरला फोन लावला, इथे काहीतरी भयंकर शिजतंय. लोकल पोलीस आले, एफबीआय आली. ते न्यूयॉर्क पोलिसांचंच गुपचूप ठेवलेलं घर निघालं! म्हणजे शोधायला आलेल्यांची खोलीच इतकी संशयास्पद दिसत होती की पोलीस बोलवावे लागले. ही गोष्ट मी लोकांना सांगते तेव्हा त्यांना वाटतं मी तिखटमीठ लावतेय. त्या फोनचं रेकॉर्डिंग २०१२ मध्ये बाहेर आलं, ऐकता येतं.

२०१२ मध्येच त्या इंटेलिजन्स विभागाच्या मोठ्या अधिकाऱ्याने कोर्टातल्या प्रकरणात शपथेवर सांगितलं की त्याच्या इतक्या वर्षांत या युनिटच्या माहितीतून दहशतवादाच्या तपासाचा एकही धागा मिळाला नाही. आणि दुकानात कोणी उर्दू बोलताना ऐकलं तर तेही नोंदवण्याजोगं का, तर अतिरेक्याला अशा जागी घरच्यासारखं वाटू शकतं. मी ते वाचलं आणि आमचं लंचचं टेबल आठवलं. तिथे आम्ही काय बोलायचो? अर्धी मराठी, अर्धी हिंदी, त्यात त्याची उर्दू-कोकणी आणि गुजरातीबेनचं ‘केम’. शेजारच्या टेबलवर बसून कोणी आम्हाला टिपलं असतं तर मी कुठल्या रकान्यात गेले असते?

इथे मला स्वतःचं एक सांगायलाच हवं. २००१ मध्ये आई माझ्याकडे आलेली. सप्टेंबरमध्ये ती बाहेर फिरायला जायची तर मी तिला म्हणायचे, आई, टिकली मोठी लाव, ठसठशीत दिसली पाहिजे. तिला काही कळेना, एरवी मी तिला इथे चालत नाही म्हणून साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालायला लावायचे. गाडीला मी झेंड्याचा स्टिकर लावला. आपल्या लोकांच्या गेट-टुगेदरमध्ये सगळ्यांचं एकच, आपण ‘ते’ नाही हे यांना कसं कळावं. चारच दिवसांत, १५ सप्टेंबरला, ॲरिझोनात मेसा गावी पेट्रोलपंपावर बलबीरसिंग सोढी या शिखाला पगडी बघून गोळ्या घातल्या. मारणाऱ्याने रकाना तपासला नाही. डिसेंबर २०१२ मध्ये क्वीन्सला एका बंगाली हिंदूला एका बाईने मेट्रोखाली ढकललं, ती म्हणाली २००१ पासून मला हिंदू आणि मुसलमान दोन्ही आवडत नाहीत. तिच्याकडे निदान एकाच रांगेत उभं केलं म्हणायचं आम्हाला.

तर ती मोठी टिकली आणि लंचरूममधला तो प्रश्न, हे माझं एकच काम होतं, दहा वर्षांच्या अंतराने केलेलं. टिकली लावून मी म्हणत होते मला विचारू नका, त्याला विचारा. आणि २०११ मध्ये मीच विचारलं.

न्यू जर्सीतल्या मुसलमानांनी पाळतीविरुद्ध केस केली. खालच्या कोर्टाने २०१४ मध्ये ती फेटाळली, कारण काय तर, नुकसान पाळतीमुळे झालं नाही, बातमी फुटल्यामुळे झालं! म्हणजे चोरून बघणाऱ्याचा दोष नाही, खिडकीत कोणीतरी आहे असं ओरडणाऱ्याचा. पुढच्या वर्षी वरच्या कोर्टाने हे उलटवलं, आणि एप्रिल २०१८ मध्ये तडजोड झाली, ७५ हजार डॉलर भरपाई आणि नुसत्या धर्मावरून पाळत ठेवणार नाही असा शब्द. युनिट आधीच, २०१४ मध्ये बंद झालेलं. किंग यांची हिअरिंग्जसुद्धा पाचांवर थांबली. तिसरं जुलै २०११ मध्ये झालं, नॉर्वेत ब्रेव्हिकने ७७ माणसं मारली त्यानंतर पाच दिवसांनी, आणि विषय तोच ठेवला, सोमाली.

ब्लेडसो आणि बिही यांचं पुढे काय झालं ते मात्र कोणी विचारत नाही. मला त्या सगळ्या प्रकारात सर्वात जास्त हेच खुपतं. पोरं गमावलेली दोन माणसं, त्यांना खरंच काहीतरी सांगायचं होतं, की घरात काय दिसलं, कोणाकडे गेलो, कोणी हाकललं, आणि हे ऐकायला मशिदीतले लोकही हवे होते समोर. पण खोलीच अशी मांडलेली की त्यांची गोष्ट एका बाजूचा पुरावा झाली, मग दुसऱ्या बाजूने ती ऐकलीच नाही. कुत्रा रानात गेला तो गेलाच.

चिपळूणवाला आता टेक्सासमध्ये असतो. नोकरी बदलली, मुलगी मोठी झाली. मागच्या महिन्यात फोन केला, म्हटलं हे असं असं लिहितेय, त्या दिवशी लंचला मी तुला विचारलेलं ना, तुमच्यापैकी कितीजण म्हणून, त्याबद्दल.

तो जरा थांबला. "कधी गं? मला नाही आठवत."

मी सगळं सांगितलं, टीव्ही, डबा, झाकण, मोजणी खातं.

"झाकण आठवतं," म्हणाला. "प्रश्न नाही आठवत. इतक्या जणांनी विचारलाय, त्यात तू कितवी ते कसं सांगू."

मला काही सुचेना. मग तोच म्हणाला, "लिही की. नाव घालू नको फक्त माझं. गाव घाल हवं तर, चिपळूणात आम्ही बरेच आहोत."